दळणातली घट

चक्कीखालच्या घमेल्यात त्या सकाळी निघालं ते असं: दीड किलोच्या आसपास पीठ, गहू आणि ज्वारी मिळून राखाडी झालेलं, मधे हरभऱ्याच्या डाळीची एक पिवळी रेघ, जिवंत सोंडे अकरा, मेलेले चोवीस, पिठाचं जाळं करून आत बसलेल्या पांढऱ्या अळ्या सहा, उंदराच्या लेंड्या तीन, पट्ट्याच्या रबराचा एक तुकडा, आणि कुणाच्या तरी डब्यातून आलेलं शर्टाचं बटण.

मोजलं होतं आयतनं. ती अकरा वर्षांची, सहावीत जाणारी. घमेलं चाळायचं काम तिच्याकडे होतं आणि हल्ली ती प्रत्येक गोष्ट मोठ्यानं मोजून चाळायची, म्हणजे चुलीपाशी बसलेल्या आईला ऐकू जावं.

"अम्मी, अळ्या सहा."

"काढून टाक."

"काढल्या. जाळं तं पिठातच राह्यलं."

"जाळं तव्यावर जळून जाते," नसीम म्हणाली. "आण इकडं."

पावसाळ्यात त्या पिठाला वास यायचा. आंबट, ओल्या पोत्यासारखा. कणीक मळताना तो नसीमच्या नखांत जाऊन बसे आणि साबणानं हात धुतला तरी दुपारपर्यंत राही. रोटी करडी व्हायची, चावताना दगडाची कचकच लागायची. चार वर्षांचा सैफ ती चहात बुडवून खायचा, कारण त्याला दुसरी रोटी माहीत नव्हती. आयतनं ताटली पुढे सरकवली.

"मले नाई पायजे."

"काऊन?"

"चंचल म्हणते, तुमच्या घरी आमच्या घरची पोळी शिजते. सगळ्या पोरी हासतात. म्हणतात, आज कोणाची खाल्ली?"

"चंचलले म्हण, तुया आज्याले विचार. आधी त्याच्याच घरी शिजत होती."

चंचल गुणवंतरावांची नात. चक्की तीन वर्षांपूर्वी गुणवंतरावांकडूनच घेतलेली. त्यांच्या वडिलांनी बसवलेली, जुनी, सागाच्या पेटीची. नसीमचा नवरा अयूब गडचांदूरला सिमेंटच्या ट्रकवर होता. पंधरा दिवसांनी येई, दोन दिवस झोपे, जाई. त्यानं सत्तावीस हजारांना ती घेतली आणि पुढच्या खोलीत बसवून दिली. तेव्हापासून पुढची खोली चक्कीची, मागची माणसांची. मधल्या चौकटीला दार नव्हतं. पीठ उडून पाण्याच्या माठावर, अंथरुणावर, सैफच्या पापण्यांवर बसायचं. त्याला बारा महिने खोकला.

पैसे एका डालड्याच्या डब्यात जात. चक्कीचेही त्यात आणि घरचेही त्यात. त्यातूनच विजेचं बिल, पट्टा, ग्रीस, त्यातूनच सैफचं औषध आणि आयतची चप्पल. चक्की कमावते की घर चक्कीला खातं, हे नसीमला कधी कळलं नाही. तिला फक्त डबा हलवल्यावर वाजतो कसा हे कळायचं. पिठाला मात्र पैसा लागत नव्हता. म्हणून तर गोंडपिपरीला किलोमागे सहा रुपये दळणावळ असताना ती चार घेत होती. बाया म्हणायच्या, नसीमबाईचं परवडते आपल्याले. रोटी झाल्यावर उरेल ते दोन शेळ्यांना.

आयत न खाता शाळेत गेली. तिची रोटी नसीमनं उभ्यानं खाल्ली आणि मोटरचं बटण दाबलं.

पोळा नऊ दिवसांवर आला होता. दुपारनंतर निंदणावरून परतलेल्या बाया डबे घेऊन ओसरीवर बसल्या. पिंढऱ्यांपर्यंत चिखल, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडलेल्या. गुणाबाई सगळ्यांत म्हातारी, म्हणून तिचा डबा नेहमी पुढे. शेजारची बुधरी मजुरीची बाई, तिचा डबा लहान आणि नेहमी शेवटी.

"नसीम, आधीचं कोणाचं होतं वं?" गुणाबाईनं विचारलं.

"ज्वारी."

"मंग माह्या गव्हात ज्वारी येईन नं."

"मूठभर येईन, गुणाबाई. तुमचा मूठभर गहू मागच्याच्यात जाईन."

"म्हंजे सगळ्या गावानं एकमेकीचं खा," गुणाबाई म्हणाली आणि बाया हसल्या.

एवढ्यात गुणवंतराव आले. मागे त्यांचा गडी, डोक्यावर गव्हाचं पोतं आणि काखेत इलेक्ट्रॉनिक काटा. सोयाबीन घ्यायला त्यांनी तो आणला होता. गुणवंतराव साठीचे, अंगानं सैल. तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यांच्या गालात कायम असायचा, त्यामुळे बोलण्याआधी ते ओठ दुमडून लाळ आत ओढत.

"पोळ्याच्या जेवणाचा गहू," ते म्हणाले. "मंडळाचा हाय. दीड क्विंटल. तुयाकडेच द्यावा म्हणतो. पण मंडळाचा पैसा म्हंजे दहा तोंडं. आधी दहा किलो दळून पाहू, घट किती येते ते."

नसीमचा काटा स्प्रिंगचा होता, टांगता. त्याची सुई अर्ध्या किलोवर अडकायची. तिच्या चक्कीवर कुणी दळण परत तोलत नसे. गुणवंतरावांनी काटा ओसरीवर ठेवला, खाली चपटा दगड सरकवून सारखा केला. डब्याचं वजन वगळलं. लाल आकडे थांबले: दहा किलो.

तेवढा गहू दळला. पीठ गरम गरम डब्यात पडलं. शेवटी नसीमनं पन्हाळीला, म्हणजे पीठ बाहेर यायच्या लाकडी तोंडाला, नेहमीसारखी थाप मारून चिकटलेलं पाडलं. डबा पुन्हा काट्यावर गेला. बाया उठून जवळ आल्या.

नऊ किलो सहाशे चाळीस.

"म्हंजे किती कमी झालं?" कुणीतरी विचारलं.

"तीनशे साठ," गुणाबाई म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं, पण आकडे कळत. "दहा किलोत तीनशे साठ? माय माय. मी तं तीन वर्षांपासून आणून राह्यली."

"घट असते, गुणाबाई," नसीम म्हणाली. "पीठ उडते. दगडी पाटांत अडकते."

"एवढं उडते तं आमाले दिसत नाई मंग?"

"दिसते नं," मागून एक आवाज आला. "पोरं पाहा, कशी गुबगुबीत हायेत."

सैफ ओसरीच्या कडेला खोकत बसला होता. गुबगुबीत त्याच्यात काही नव्हतं. बाया हसल्या मात्र. नसीमनं पदराच्या टोकानं तोंडावरचं पीठ पुसलं. घामाबरोबर त्याचा लगदा झाला आणि गालावर आणखी पसरला.

गुणवंतरावांनी सगळ्यांना दोन-तीन क्षण तसंच राहू दिलं. मग हात वर केला.

"पावसाळा हाय बायानो. गहू ओला हाय. दळताना गरम होते, ओल उडून जाते. एवढी घट चालते. नसीमले कोणी काई बोलू नका."

नसीमला गुणवंतरावांचे आभार मानावे लागले. त्या दिवशी प्रत्येकीनं आपला डबा उचलताना तो हातात जोखून पाहिला.

संध्याकाळी ओसरी रिकामी झाल्यावर गुणवंतराव एकटे परत आले. चक्की बंद होती. ते सरळ आत गेले, मोटरच्या बाजूनं, जिथे नसीमलासुद्धा अंग चोरून जावं लागे. गुडघ्यावर हात ठेवून वाकले.

"हात घाल इथी."

"कुठी?"

"पन्हाळीच्या बुडाले. मांगच्या अंगानं. घाल, इंचू नाई बसला."

नसीमनं हात घातला. पिठाचा मऊ थर, त्याखाली सागाची फळी, आणि फळीला एक फट. दोन बोटं लांब, एक बोट रुंद. कडा गुळगुळीत. फटीच्या वर, आतल्या बाजूला, पत्र्याची एक छोटी जीभ वाकवून बसवलेली होती, येणाऱ्या पिठातलं थोडं अडवून खाली वळवणारी. बरोबर खाली घमेलं.

"उंदरानं पाडलं?" ती म्हणाली.

गुणवंतराव हसले, तेव्हा खर्ऱ्याचा भुगा त्यांच्या दातांवर दिसला. "आमच्या बानं पाडलं. सळई लाल करून. म्या धरली होती फळी, दहाव्या वर्गात होतो. शंभर किलोमांगं अडीच-तीन किलो. गाव तोलत नाई, गाव डबा पाह्यते. डबा भरला तं झालं. पीठ फुगते नं."

नसीमनं हात काढला. मनगटापर्यंत तो पांढरा होता.

"तीन वर्षांपासून तू पण हेच खाऊन राह्यली," गुणवंतराव म्हणाले. "म्या कधी काई म्हटलं का? मशीन विकली तवा त्याचीच तं किंमत लावली. नाई तं ह्या डब्याचे सत्तावीस हजार कोण देते? लोखंडाच्या भावात पंधरा आले असते."

"मले माहीत नोतं भाऊ."

"बरं, नोतं." त्यांनी ओठ दुमडून लाळ आत ओढली. "आता माहीत झालं. पाह्य, म्या गावरान कोंबड्या आणल्या चाळीस. दाणा माहाग हाय. चक्कीखालचं जे निंघन ते रोज संध्याकाळी बादलीत घालून वाड्यावर पोचवून देजो. मंडळाचा गहू तुयाकडेच येईन, दळणावळ चार रुपयांनं."

"अन् मी हे बंद केलं तं?"

"कर नं. कोण नाई म्हणते?" त्यांनी दोन बोटं तोंडात घालून खर्रा काढला, पेटीच्या कोपऱ्यावर झटकला. "पण काटा आता गावात आला. आज नऊ किलो सहाशे चाळीस सगळ्यांनं पाह्यलं. उद्या बंद करशीन, अन् नऊ किलो नऊशे आले, तं बाया काय म्हणतीन? दोनशे-अडीचशे ग्रॅम इतके दिवस कुठी जात होते? तुया चक्कीत जात होते, बाई. माह्या नाई."

ते गेल्यावर नसीमनं राख टाकून तो कोपरा पुसला. खर्ऱ्याचा थुंकीत भिजलेला गोळा फडक्यातून बोटांना गरम लागला. तिनं फडकं धुतलं नाही, चुलीत घातलं.

अयूबला फोन लागला तेव्हा तो ट्रकमध्ये होता, इंजिन चालू, मागे कुणीतरी भोंगा वाजवत होतं.

"तुमाले माहीत होतं?" नसीमनं विचारलं.

"काय?"

"पन्हाळीचं भोक."

"भोकासकट घेतली नं तिले," अयूब म्हणाला. "त्यानं दाखवूनच सौदा केला."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तू खाल्लं असतं का?"

नसीमनं गुणवंतरावांची बादलीची अट त्याला सांगितली.

"हे पाह्य, तुले धंद्यातलं समजत नाई," तो म्हणाला. "चार रुपयांत चक्की परवडते का कुठी? बिल पाह्य, पट्टा पाह्य. ते भोक हाय म्हणून चार परवडते. गाव खुश, आपण खुश. दे त्याले बादलीभर, अर्धं ठेव आपल्याले. आठ-पंधरा दिवसांत इसरून जाईन."

"लोकं मले चोर म्हणतीन."

"म्हणतीन तं तवा पाहू. गाडी भरून राह्यली, ठेवतो."

रात्रीसाठी कणीक मळलेली होती. नसीमनं पहिली रोटी थापली, तव्यावर टाकली, आणि पीठ भाजल्याचा तो आंबूस वास वर आल्यावर ती तव्यापासून मागे सरकली. तरी तिनं उरलेल्या रोट्या केल्या, कारण घरात तांदूळ दोनच वाट्या होते. ते आयतसाठी शिजवले. सैफनं रोटी खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून बादली सुरू झाली. गडी न्यायला येणार नव्हता. ती नसीमलाच पोचवायची होती, आणि वाडा गावाच्या दुसऱ्या टोकाला. बाजारचौकातून जावं लागे. बादलीवर ती फडकं टाकायची, तरी पीठ ते पीठ. वाड्याच्या अंगणात कोंबड्या अंगावर धावून येत, तिच्या पावलांवर टोचा मारत. गुणवंतराव झोपाळ्यावरून म्हणत, "चक्कीचा वाटा आला रे," आणि चंचल दारात उभी राहून पाही. पीठ ओतताना भुसा उडे, कोंबड्यांच्या शिटेच्या वासात मिसळे. एका कोंबडीनं अळी चोचीत धरली आणि बाकीच्या तिच्यामागे पळाल्या. नसीमला वाटलं, हीच अळी परवा माझ्या पोरांच्या ताटात होती.

घरी पीठ उरेना. पाचव्या दिवशी ती दुकानात गेली.

"गहू द्या पाच किलो."

दुकानदारानं वर पाहिलं. "चक्कीवाली गहू इकत घेऊन राह्यली? दुनिया उलटी झाली का काय?"

"द्या नं भाऊ."

"देतो. पण गावाचं पीठ संपलं का एवढ्यात?" दुकानात आणखी दोघे होते. तेही हसले. नसीमनं डालड्याच्या डब्यातून आणलेले पैसे काउंटरवर ठेवले. रोटीचा पैसा घरातून बाहेर जाताना तिनं चक्की घेतल्यापासून पहिल्यांदा पाहिला.

तो गहू तिनं सगळ्यांची दळणं झाल्यावर शेवटी टाकला. पाच किलो, आपला, निवडलेला, एकही सोंडा नसलेला. मोटर फिरली, पन्हाळीतून पीठ आलं, पांढरं, स्वच्छ वासाचं. तिनं मूठ भरून नाकाशी धरलं. मग खाली वाकून पाहिलं.

घमेल्यात तिचंच पीठ पडत होतं. बारीक, सतत, न थांबता. घमेलं गुणवंतरावांच्या वाट्याचं होतं.

तिनं मोटर बंद केली. पट्टा थांबेपर्यंत तेवढं आणखी पडलं. तिनं ते चमच्यानं वरून काढायला सुरुवात केली, पण खाली दिवसभराचं राखाडी पीठ होतं, सोंड्यांसकट, आणि दोन्ही मिसळून गेली होती. चमचा तिनं भिंतीवर फेकला. सैफ दचकून रडायला लागला.

"काय झालं अम्मी?" आयतनं विचारलं.

"काई नाई. शेजारून बुधरीले बोलाव. पाट उचलाचा हाय, टाकी लावतो."

चक्कीचे पाट म्हणजे दोन जड दगड, एकावर एक. ते गुळगुळीत झाले की छिन्नीनं टाचून पुन्हा खडबडीत करायचे, त्याला टाकी लावणं म्हणतात. गोंडपिपरीचा टाकीवाला चारशे रुपये घ्यायचा, येण्या-जाण्याचे वेगळे. नसीमनं दोनदा त्याचं काम पाहिलं होतं आणि तिसऱ्यांदा छिन्नी आपण घेतली होती. तेव्हापासून टाकीचा खर्च नव्हता. तिच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत बारीक काळे ठिपके होते, कातडीत रुतलेल्या दगडाच्या कपच्यांचे.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, तिनं चक्की बंद ठेवली. बुधरी सकाळीच आली. दोघींनी पहार घालून वरचा पाट उचलला, पोत्यावर पालथा केला. दगडाखाली दाबून बसलेल्या पिठाचा चिकट, काळपट थर निघाला. त्यात अळ्यांची जाळी दोरखंडासारखी पिळून बसली होती. बुधरीनं नाक पदरात धरलं.

"हे आपण खातो का वं?"

"खातो," नसीम म्हणाली. "सगळेच खातो. खरवड."

पन्हाळ सुटी करून उजेडात आणली तेव्हा बुधरीनं फटीतून बोट आरपार घातलं. बोट तिकडून हललं.

"उंदरानं पाडलं?"

"उंदराले सळई लाल करता येते का?"

बुधरीनं बोट काढलं आणि फटीच्या जळक्या काळ्या कडेकडे पाहत राहिली. मग नसीमकडे. तिचा डबा महिन्यातून तीनदा यायचा, आठ-आठ किलोचा. ती काही हिशेब करत होती हे तिच्या ओठांवरून दिसत होतं.

"तू पाडलं?"

"नाई. पण खाल्लं म्या."

"कधी समजलं?"

"सहा दिवस झाले."

"अन् सहा दिवस त्याच्या कोंबड्यायले घातलं," बुधरी म्हणाली. तिनं हातातलं खरवडण बाजूला टाकलं. नसीमला वाटलं ती उठून जाईल. ती उठली, हात धुतले, पाणी प्यायली, आणि परत येऊन बसली. "मले मजुरी पायजे आजची. फुकट नाई करत मी तुयं."

"देतो."

"पूरी."

"पूरी देतो, बुधरी."

दुपारभर नसीम पाट टाचत राहिली. डोळ्यांना ओढणी बांधली होती तरी एक कपची भुवईत बसली. रक्त पिठात मिसळून वाळलं. तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून तिनं फटीवर ठेवला, खिळे मारले, कडेनं एमसील भरलं. आतली पत्र्याची जीभ पकडीनं ओढून काढली. ती अंगठ्याएवढी होती, एका बाजूनं झिजून चकचकीत झालेली. काही वेळ तिनं ती हातात धरली, मग कुंपणापलीकडे फेकली.

संध्याकाळी तिनं डालड्याचा डबा फरशीवर ओतला. आयतला जवळ बसवलं. एका बाजूला चक्कीचं मांडायला सांगितलं: बिल, पट्टा, ग्रीस, बुधरीची मजुरी. दुसऱ्या बाजूला घरचं, आणि त्यात महिन्याचा गहू. चार रुपयांच्या दरात दोन्ही बाजू भरत नव्हत्या. आयतनं दोनदा केलं.

"पाच केले तं पुरते अम्मी. जेमतेम."

"मंग पाच."

"बाया येतीन?"

नसीमनं दारावरचा खडूचा चार पुसला आणि पाच लिहिला. गुणवंतरावांकडे त्या दिवशी बादली गेली नाही.

सकाळी ते स्वतःच आले. गाडीत मंडळाचा गहू, पोत्यांवर गडी, गड्याच्या मांडीवर काटा. पोळा दोन दिवसांवर होता, ओसरी डब्यांनी भरलेली. दारावरचा आकडा बायांनी केव्हाच वाचला होता.

"पाच?" गुणाबाई म्हणत होती. "आमच्या पिठात घट, अन् वरून पाच? गोंडपिपरीले काय वाईट हाय मंग?"

"गोंडपिपरीले सहा हाय, गुणाबाई. अन् गाडीभाडं."

"तिथी चोरी तं नाई होत."

शब्द उच्चारला गेला. सहा-सात दिवस तो ओसरीवर फिरत होता, आता बसला. कुणी नसीमकडे पाहिलं नाही. एक बाई आपला डबा उचलून निघाली, तिच्यामागे दुसरी.

गुणवंतराव पायरी चढून नसीमच्या जवळ आले. आवाज खाली ठेवून म्हणाले, "काल बादली नाई आली."

"नाई आली."

त्यांनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. पुसलेली पेटी, टाचलेला पाट. त्यांचं लक्ष पन्हाळीवर गेलं आणि तिथे थांबलं. "येडी हायेस का?" ते कुजबुजले. तोंडाला सुपारीचा सडका वास येत होता. "अजून टाइम हाय. काटा गाडीतच राहू दे. मी म्हणतो, गहू वाळलेला हाय, तोलाची गरज नाई. दर चार कर. मंडळाचं दळण घे. कोणाले काई समजत नाई."

नसीम बाजूला झाली. गाडीपाशी जाऊन तिनं गड्याच्या मांडीवरचा काटा उचलला आणि ओसरीवर आणला.

"गुणाबाई, इकडं या. तुमी आकडा वाचा."

"मी कायले?"

"मांगच्या वेळेस तुमीच वाचला. नऊ किलो सहाशे चाळीस. आठवते नं?"

"मेल्यावर पण आठवन."

"बुधरी, घमेलं आण. रिकामं हाय ते सगळ्यांले दाखव."

बुधरीनं घमेलं पालथं करून दाखवलं, पन्हाळीखाली सरकवलं. निघालेल्या दोन बाया फाटकापाशी थांबल्या. नसीमनं काट्याखाली तोच चपटा दगड सरकवला, डबा वगळला, आणि मंडळाच्या त्याच पोत्यातला गहू ओतत गेली, शेवटी दाणा दाणा करून. दहा किलो.

"भाऊ, मोटर सुरू करू?" तिनं विचारलं.

गुणवंतरावांनी ओठ दुमडले, पण थुंकायला जागा नव्हती, सगळीकडे डबे होते. त्यांनी गिळलं.

मोटर फिरली. नव्यानं टाचलेल्या पाटांचा आवाज जाड होता. पीठ पन्हाळीतून आलं, डब्यात शिग लागली. नसीमनं थाप मारून चिकटलेलं पाडलं, मोटर बंद केली, पट्टा पूर्ण थांबेपर्यंत उभी राहिली. मग डबा दोन्ही हातांनी उचलून काट्यावर ठेवला आणि हात मागे घेतले. लाल आकडे पुढेमागे झाले.

गुणाबाई वाकली. "नऊ किलो," ती म्हणाली, "नऊशे पाच."

बुधरीनं घमेल्यातलं हातानं गोळा करून एका वाटीत घातलं. वाटी वगळून ते काट्यावर ठेवलं. चाळीस ग्रॅम. "मागच्या वेळेपेक्षा दोनशे पासष्ट जास्त," गुणाबाई म्हणाली, आणि नसीमनं पन्हाळीच्या बुडाला मारलेल्या पत्र्यावर बोट ठेवलं.